धर्मरुची अणगारांच्या पात्रातला दुधी



चातुर्मास लागला की आपल्या स्वयंपाकघरात वेलीवरच्या भाज्यांचं राज्य सुरू होतं. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा तसेही वर्षभर नसतात. पावसाळ्यात पालेभाजीही बंद. मग उरतं काय? दुधी, दोडका, गिलकी, तोंडली, पडवळ, काकडी, कारलं. त्यातही पहिला मान दुधीचा. दुधी-चणाडाळ, दुधीचे कोफ्ते, मुठिये, हलवा, थालीपिठात किसून घातलेला दुधी, आणि घरात कुणी आजारी असलं की नुसतं जिरं-मीठ घालून उकडलेला दुधी. "दुधी काय, कुणालाही चालतो," असं आपण सगळ्याच म्हणतो. लहान बाळाच्या पहिल्या घासापासून अठाईच्या पारण्यापर्यंत हा बिचारा कुठंही मुकाट्यानं हजर असतो.

आणि आपल्या आगमात एका मुनिराजांचा अंत ज्या भाजीनं झाला, ती हीच भाजी.

नागश्रीची कथा आपण सगळ्यांनी व्याख्यानात ऐकलेली आहे. द्रौपदीच्या पूर्वभवाची कथा म्हणून ती सांगतात. म. सा. सांगतात तेव्हा आपलं लक्ष पुढच्या भवांकडे असतं, नरकाकडे, सुकुमालिकेकडे, पाच पतींच्या निदानाकडे. स्वयंपाकघरातला भाग पाच मिनिटांत उरकतो. मी आज फक्त तेवढ्याच भागाविषयी लिहिणार आहे, कारण त्या भागात एका बाईनं चूल पेटवल्यापासून वाढेपर्यंत काय काय केलं ते इतकं बारकाईनं लिहिलंय की वाचताना ओट्यापाशी उभं राहिल्यासारखं वाटतं.

कथा आहे ज्ञाताधर्मकथा सूत्रात, म्हणजे सहाव्या अंगात, सोळाव्या अध्ययनात. चंपानगरीत सोम, सोमदत्त आणि सोमभूती असे तीन ब्राह्मण भाऊ. घरं संपन्न. तिघांनी ठरवलं की रोज एकाच्या घरी सगळ्यांनी मिळून जेवायचं. त्यांच्या बायका नागश्री, भूतश्री, यक्षश्री. आळीपाळीनं स्वयंपाक. (तीन जावा आणि आळीपाळीचा स्वयंपाक. यात पुढं काय होणार याचा अंदाज ज्या एकत्र कुटुंबात राहिल्यात त्यांना लगेच येईल.)

नागश्रीची पाळी आली. तिनं भरपूर पदार्थ केले, त्यात दुधीची भाजी. सढळ हातानं मसाले घातले, तेल-तूप इतकं की तवंग वर आला. भाजी तयार झाल्यावर तिनं एक थेंब तळहातावर घेतला आणि चाखला. कडूजहर. खाण्यालायक नाही, विषासारखी. तिला स्वतःचाच राग आला. एवढा मसाला गेला, एवढं तूप गेलं. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती: जावांना कळलं तर त्या हसतील, बोलतील. म्हणून तिनं ती भाजी गुपचूप एका बाजूला झाकून ठेवली, दुसरा गोड दुधी आणून पुन्हा भाजी केली, आणि सगळ्यांना ती वाढली. घरचे जेवले, आपापल्या कामाला गेले. कुणाला काही कळलं नाही.

मग धर्मरुची अणगार गोचरीला आले. धर्मघोष स्थविरांचे शिष्य. मासखमणाचं पारणं होतं. नागश्रीनं त्यांना पाहिलं आणि तिच्या मनात आलं की झाकून ठेवलेल्या भाजीची विल्हेवाट लावायची ही सोय झाली. सगळी कडू भाजी तिनं त्यांच्या पात्रात ओतली. आहार पुरेसा झाला असं समजून ते उद्यानात परतले आणि गुरूंना पात्र दाखवलं. वासावरून धर्मघोष स्थविरांना शंका आली. त्यांनीही एक थेंब तळहातावर घेऊन चाखला आणि सांगितलं: हे खाल्लंस तर अकाली प्राण जातील, एखाद्या निर्जीव जागी जाऊन हे परठव आणि दुसरा शुद्ध आहार आण.

धर्मरुची गेले. जमिनीवर एक थेंब टाकून पाहिला. तुपामसाल्याच्या वासानं हजारो मुंग्या आल्या, आणि जिनं जिनं तो खाल्ला ती मेली. एका थेंबानं इतके जीव जात असतील तर सगळी भाजी टाकल्यावर किती जातील? त्यांनी ती सगळी स्वतः खाल्ली. शरीरात दाह उठला, चालण्याचं बळ राहिलं नाही, पात्रं बाजूला ठेवून त्यांनी संथारा केला. ते सर्वार्थसिद्ध विमानात देव झाले. नागश्रीचं पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता ओट्याकडे परत येऊ. मूळ अर्धमागधीत दोन भाज्यांना दोन नावं आहेत, "तित्तालाउय" आणि "महुरालाउय". कडू अलाबु आणि गोड अलाबु. (हिंदीतली लौकी आणि बंगाल्यांचा लाउ याच अलाबुतून आले.) म्हणजे ज्यांनी ही कथा सांगितली त्यांना पक्कं माहीत होतं की एकाच भाजीच्या दोन जाती आहेत, चुलीवर चढेपर्यंत दोन्ही सारख्याच दिसतात आणि फरक फक्त जिभेला कळतो. त्यांना हेही माहीत होतं की शिजवून, मसाला घालून, तुपात घोळून हा कडूपणा जात नाही. वल्लभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम लिहून काढले गेले ते वीर निर्वाणानंतर ९८० किंवा ९९३ वर्षांनी, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात. त्याआधी ही कथा तोंडी चालत आली होती. तेव्हा हे ज्ञान निदान दीड हजार वर्षांचं लेखी आहे.

आजच्या भाषेत त्या कडू पदार्थाला कुकरबिटासिन म्हणतात. काकडी-भोपळ्याच्या अख्ख्या कुळात तो थोडाफार असतो. किड्यांनी आणि जनावरांनी खाऊ नये म्हणून वेलीनंच केलेली ही तजवीज आहे. आपण बाजारातून आणतो त्या दुधीत तो जवळजवळ नसतो, कारण शेकडो पिढ्या माणसानं गोड फळाचंच बी पुढं ठेवलं. पण अधूनमधून एखाद्या फळात तो उसळून येतो. उकळल्यानं तो मोडत नाही. पोटात गेला तर काही मिनिटांत किंवा काही तासांत उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. जास्त गेला तर उलटीतून रक्त, रक्तदाब कोसळणं. त्यावर उतारा नाही. डॉक्टर सलाइन लावतात, रक्तदाब सांभाळतात, रक्तस्राव आवरतात, आणि शरीराला सावरायला वेळ देतात. धर्मरुची अणगारांच्या शरीराचं जे वर्णन आहे ते वाचून मी गप्प झाले होते.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधीचा कडू रस पिऊन मृत्यू झाला. त्यांच्या पत्नीही आजारी पडल्या, पण वाचल्या. हे रोज रस घेणारं, तब्येतीला जपणारं घर होतं. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली. समितीनं सांगितलेल्या गोष्टी अगदी साध्या आहेत: रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखून पाहा, कडू लागला तर फेकून द्या, दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका, आणि पिऊन मळमळलं किंवा उलटी-जुलाब झाले तर लगेच दवाखाना गाठा. तरीही २०१८ च्या जूनमध्ये, आपल्या पुण्यात, चाळिशीतल्या एका बाईंचा सकाळचा व्यायाम झाल्यावर घेतलेल्या दुधीच्या रसानं जीव गेला. तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी आली होती, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल.

समितीचा "दुसरा रस मिसळू नका" हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. कारल्याचा रस मिसळला की कडू लागणारच असं आपण धरून चालतो, आणि दुधीचा कडूपणा त्यात लपतो. लिंबू, पुदिना, आलं, जिरेपूड, काळं मीठ या सगळ्यांचंही तेच. नागश्रीचा मसाला आणि मिक्सरमधलं काळं मीठ यात मला फारसा फरक दिसत नाही. उलट नागश्रीनं निदान चाखून तरी पाहिलं. रस पिणारी बाई "औषध आहे, कडू लागणारच" असं म्हणत नाक दाबून ग्लास रिकामा करते. कडू ते औषध, ही आपल्या डोक्यात बसलेली समजूत दुधीच्या बाबतीत जिवावर बेतणारी आहे. कारलं जातीनंच कडू, मेथी जातीनंच कडू, त्यांचं ठीक आहे. दुधीनं कडू असायचं काहीच कारण नाही.

आणखी एक गोष्ट. भाजी कडू लागली तर आपण दुसरा घास घेत नाही, म्हणून भाजीनं सहसा फारसं बिघडत नाही. रसाचं तसं नसतं. अर्ध्या-पाऊण दुधीचा रस दोन घोटांत आणि रिकाम्या पोटी आत जातो. धर्मरुची अणगारांचं पोट महिनाभराचं रिकामं होतं, हे कथेत उगाच आलेलं नसावं.

आता कुणी विचारेल, हा कडू दुधी इतका वाईट, तर लोकांनी तो वेल मुळात ठेवलाच कशाला?

कारण माणसानं हा वेल पहिल्यांदा लावला तो बहुधा भाजीसाठी नव्हेच, भांड्यासाठी. मातीचं मडकं घडवायला शिकण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस सुकलेल्या तुंब्यात पाणी आणि धान्य साठवत होता. माणसानं जोपासलेल्या सर्वांत जुन्या वनस्पतींत याची गणना होते. मूळ आफ्रिकेचा हा वेल दहा हजार वर्षांपूर्वी अमेरिकेतसुद्धा होता. तो तिथं पोचला कसा यावर बरीच वर्षं वाद होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनएच्या अभ्यासानुसार तुंबे अटलांटिक महासागरावर तरंगत तरंगत पलीकडच्या किनाऱ्याला लागले असावेत. भांड्याला हवी जाड, टणक, कीड न लागणारी साल. कडूपणामुळे किडे लांब राहतात. म्हणजे जो गुण पोटाला मारक, तोच भांड्याला तारक.

आणि हे भांडं आपल्या साधूंच्या हातात होतं. आचारांग सूत्रात पात्रैषणेच्या प्रकरणात मुनींना तीन प्रकारची पात्रं सांगितली आहेत: तुंब्याचं, लाकडाचं आणि मातीचं. आज आपण लाकडी पात्रंच पाहतो, पण यादीत पहिलं नाव तुंब्याचं आहे. आपल्या कामशेतजवळ पाळे गावच्या डोंगरात जे लेणं आहे, त्यातला ब्राह्मी शिलालेख "नमो अरहंतानं" नं सुरू होतो. भदंत इंदरखित यांनी लेणं आणि पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, करवल्याचं त्यात म्हटलंय. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला हा लेख महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या जैन लेखांपैकी मानतात. कार्ला-भाजे-बेडश्याला सगळं जग येतं, पाळ्याला कोण जातं? ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी पावसाळा ओसरल्यावर जरूर जाऊन यावं. त्या टाक्याशी उभी राहिले की माझ्या मनात हमखास येतं की इथलं पाणी गाळून नेणाऱ्या मुनींच्या हातात तुंब्याचंच पात्र असेल. लेखात तसं काही नाही, ही माझी कल्पना. पण आचारांग वाचलं की ती फार लांबची वाटत नाही.

पात्र करण्यासाठी तुंबा वेलीवरच पूर्ण पिकू देतात, सुकवतात, तोंड कापून आतला गर-बिया खरवडतात, आणि पाणी भरून ओतून, भरून ओतून आतला कडूपणा घालवतात. म्हणजे इथंही तयारी आहेच, फक्त चुलीवरची नाही. बैराग्याच्या या भोपळ्यालाच तुंबडी म्हणतात, आणि स्वतःची तुंबडी भरणं हा वाक्प्रचार तिथूनच आला. अपरिग्रही माणसाच्या एकुलत्या एका भांड्यावरून लोभी माणसासाठी शब्द तयार व्हावा, याचं मला कायम हसू येतं.

ज्ञाताधर्मकथेतच सहावं अध्ययन आहे ते तुंब्याचं. इंद्रभूती गौतम भगवंतांना विचारतात की जीव जड कसा होतो आणि हलका कसा होतो. भगवान सांगतात: एखाद्यानं कोरडा, न फुटलेला तुंबा घ्यावा, त्याला दर्भ गुंडाळून मातीचा लेप द्यावा, उन्हात वाळवावा, पुन्हा दर्भ, पुन्हा लेप, असे आठ थर झाल्यावर खोल पाण्यात टाकावा. तो तळाला जातो. मग एकेक थर भिजून गळतो तसतसा तो वर येतो, आणि आठवा थर गेला की पाण्यावर तरंगतो. आठ कर्मांचं हे उदाहरण आपण पाठशाळेत शिकलो. पण ते ऐकणाऱ्यांना पटायचं कारण असं की त्या काळी प्रत्येकानं तरंगता तुंबा पाहिलेला असणार. आपल्याकडेही परवा-परवापर्यंत होतंच की. इंद्रायणीत पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला सुकलेला भोपळा बांधायचे. माझे सासरे तसेच शिकले. आता भोपळ्याची जागा प्लॅस्टिकच्या डब्यानं घेतली, आणि पोरांना आठ लेपांचा तुंबा चित्र काढून समजवावा लागतो.

एकाच आगमात दहा अध्ययनांच्या अंतरानं दोन तुंबे. एक तारणारा, एक मारणारा. एकाच वेलीकडे इतकं बारकाईनं पाहणारी माणसं होती ती.

कडू भोपळ्याचा आजही मोठा मान आहे तो मिरजेत. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगार घराण्यातल्या, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या घरातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली आणि ती परंपरा आजवर चालू आहे. तंबोऱ्याचा तो भलामोठा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत मुद्दाम पिकवलेला असतो. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हा भोपळा खायचा नसतो, हे तिथल्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. कडू वेल वेगळा, भाजीचा वेल वेगळा, बी वेगळं.

गोंधळ होतो तो जिथं हे बी वेगळं राहत नाही तिथं. आपल्याकडे नाणे मावळातून, पवन मावळातून बायका घरच्या वेलीचे दुधी कामशेतच्या बाजारात आणतात. गोठ्याच्या छपरावर चढवलेला वेल, कोवळा, लव असलेला दुधी, चवीला शेतातल्यापेक्षा किती तरी सरस. मी स्वतः तोच घेते. पण आसपास कुठं कडू वेल असेल तर मधमाशी त्याचे पराग या वेलीवर आणते. त्या वर्षीचं फळ गोडच राहतं. त्या फळाचं बी राखून पुढच्या वर्षी लावलं की त्या वेलीचे दुधी कडू निघू शकतात. विकणाऱ्या मावशींचा यात काही दोष नसतो, त्यांना बाहेरून ओळखताच येत नाही. पाण्याचा ताण, कडक ऊन, जून झालेलं फळ यानंही कडूपणा वाढू शकतो. मोठ्या मॉलमधून, कागदात गुंडाळलेला आणला म्हणून तुम्ही सुटलात असं नाही.

इथवर वाचून वाटेल की जीभ शाबूत असली की झालं. तसं नाही, म्हणून एका डाळीची गोष्ट सांगते.

आपण अष्टमी-चौदसला हिरवी भाजी टाळतो तेव्हा डाळी-कडधान्यांवर दिवस काढतो. त्याच डाळींत एक आहे लाखेची. विदर्भात, भंडारा-गोंदिया-चंद्रपूरच्या भाताच्या पट्ट्यात तिला लाखोळी म्हणतात, उत्तरेत खेसारी. भात उभा असतानाच बांधीत बी फेकायचं, मग पाणी नको, खत नको, ओलीवर पीक येतं. दिसायला तुरीसारखी, चवीला चांगली, अजिबात कडू नाही. पण तिच्यात एक द्रव्य असतं, ते महिनोन्महिने रोज पोटात गेलं तर पाय कायमचे लुळे पडतात. इंग्रज अधिकारी स्लीमन यांनी १८४४ च्या आपल्या पुस्तकात सागर भागातली हकीगत लिहून ठेवलीय: १८२९ पासून लागोपाठ गहू बुडाला, शेतांत ही डाळच तेवढी उरली, लोक तिच्यावरच जगले, आणि १८३३ पासून तिशीच्या आतली धडधाकट पोरं अचानक कमरेखाली अधू होऊ लागली. पुढं रेवा-सतना भागात हजारो माणसं अशी अधू झाली. तिथं शेतमजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ मोजून दिली जाई.

१९६१ साली केंद्र सरकारच्या भेसळविरोधी नियमांनी तिच्या विक्रीवर बंदी आणली. १९६४ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ते विषारी द्रव्य वेगळं काढून दाखवलं. ते पाण्यात विरघळतं. भरपूर गरम पाण्यात डाळ भिजवून ते पाणी फेकून दिलं की बराचसा भाग निघून जातो, सगळा मात्र नाही. आणि खरी मेख इथंच आहे. ज्या घरात दुष्काळ आहे, सरपण नाही, पाणी दोन कोसांवरून आणायचं आहे, त्या घरातली बाई डाळीचं पाणी फेकेल कशी? अधूनमधून, इतर धान्यांबरोबर खाणाऱ्याला ही डाळ सहसा बाधत नाही. बाधली ती जिच्या ताटात दुसरं काहीच नव्हतं तिला. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांचा किराणा-भुसाराचा धंदा आहे. बेसनात, तूरडाळीत लाख मिसळण्याचं प्रकरण त्या धंद्यात जुनं आहे, आणि त्याबद्दल आपण बायकांनी घरात बोलायला काहीच हरकत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्याला फरक रुपयांचा वाटतो.

म्हणून मला दुधी प्रामाणिक वाटतो. तो पहिल्या थेंबाला सांगतो. लाख काहीच सांगत नाही.

पण दुधीचं सांगणं ऐकायलाही कुणीतरी चाखावं लागतं, आणि इथं आपल्या घरांतली एक अडचण आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत चाखून स्वयंपाक करायची पद्धत नाही. चाखलं की उष्टं झालं, आणि दारी साधू-साध्वीजी आले तर काय वाढायचं? मीठ अंदाजानं, तिखट अंदाजानं. शिवाय जिचा उपवास, तीच घरच्यांचा स्वयंपाक करते, आणि तिला तर चाखणं शक्यच नाही. पर्युषणात तर घरातल्या सगळ्या मोठ्या बायका उपवासाला आणि पोरं-पुरुष जेवायला, असं कितीदा होतं.

पहिल्या अडचणीचं उत्तर खुद्द सूत्रात आहे. नागश्रीनं पळी तोंडाला लावली नाही, पातेल्यात बोट बुडवलं नाही. थेंब तळहातावर घेतला, तेवढाच. धर्मघोष स्थविरांनीही तेच केलं. तळहातावर घेतलेलं परत भांड्यात जात नाही, मग उष्टं झालं कुठं? आणि दुधीचं तर त्याहून सोपं आहे, शिजेपर्यंत थांबायचीच गरज नाही. माझ्या सासूबाई दुधी चिरायला घेतला की देठाकडची आणि बुडाकडची अशी एकेक नखाएवढी चकती काढायच्या, जिभेला लावायच्या, आणि मगच साल काढायच्या. दोन दुधी असतील तर दोन्हींचं वेगवेगळं, कारण एका वेलीचे दोन दुधीसुद्धा वेगळे निघू शकतात. काकडी, दोडका, गिलकीलाही हाच नियम. कडू लागलं तर थुंकून, चूळ भरून, अख्खं फळ बाजूला. "कडू भाग कापून टाकू, बाकीचं वापरू" हे त्यांना कधीच मान्य नव्हतं. उपवास असला की चकती घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाच्या हातावर ठेवायच्या. माझे सासरे पेपर वाचता वाचता हात पुढं करायचे आणि "गोड आहे" म्हणायचे. पोरांना हे काम त्या कधी देत नसत.

पारण्याचं तर विशेष सांभाळा. अलीकडे मुगाच्या पाण्याऐवजी, राबेऐवजी दुधीचं सूप देण्याची पद्धत पुष्कळ घरांत आली आहे. पचायला हलकं म्हणून ठीकच आहे. पण आठ दिवसांच्या रिकाम्या पोटात जाणारा तो पहिला पदार्थ. तपस्वी बाई संकोचानं बोलणार नाही, सून इतक्या प्रेमानं करून देतेय म्हणून कडू लागलं तरी गिळेल. तेव्हा वाढणारीनं चाखलेलं असावं, आणि तपस्वीला आधीच सांगून ठेवावं की चव वेगळी लागली तर वाटी खाली ठेवा, कुणाला वाईट वाटणार नाही. चुकून पोटात गेलंच आणि मळमळ, उलटी, पोटात कळ सुरू झाली, तर ओवा-लिंबू करत घरी बसू नका. कामशेतला रात्री-अपरात्री दवाखाना शोधायला वेळ लागतो, तळेगाव किंवा लोणावळा गाठायचं असेल तर लगेच निघा, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य "कडू दुधी खाल्लाय" हे सांगा. उरलेला तुकडा डबीत घालून सोबत न्या.

आणि फेकायचा झाला तर कुठं, असं परवा स्थानकात एकीनं विचारलं. गाई-म्हशींच्या पुढ्यात टाकू नका, त्यांनाही तो बाधू शकतो. शिजलेली, तूप-तेल घातलेली भाजी उघड्यावर तर मुळीच टाकू नका, मुंग्या वासावर येतात. कच्चाच असताना कळला तर कोरड्या जागी खड्डा करून पुरा. आम्ही परसातल्या फणसाखाली पुरतो.

जय जिनेंद्र.